आयर्लंडचा ‘अँड’ आणि आपला ‘अन्’

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एखाद्या खेड्यात जुन्या वळणाच्या माणसाशी इंग्रजीतून बोलू लागले, म्हणजे कधी ना कधी असे वाक्य कानावर येते : ‘आय मेट युअर ब्रदर अँड ही गोइंग टु द मार्केट.’ शाळेत इंग्रजी व्याकरणाची उजळणी केलेल्या आपल्या मुलांचा हात लगेच लाल पेन्सिलीकडे जाईल. ‘अँड ही’च्या पुढचा ‘वॉज’ कुठे गेला? भाऊ भेटला आणि भाऊ बाजारात गेला, अशा या दोन गोष्टी आहेत की एकच? बोलणाऱ्याला म्हणायचे असते ते एवढेच : तुमचा भाऊ बाजाराला जात असताना मला भेटला. त्याच्या दृष्टीने वाक्य पुरे झालेले असते, त्यात काही राहिलेले नसते.

आयर्लंड आपल्या बेटाला अगदी परका नाही. लोरेटो संघाच्या आयरिश भगिनी एकोणिसाव्या शतकातच इथे आल्या आणि त्यांच्या शाळांतून आपल्याही कितीतरी मुली शिकल्या. डॉ. नवीनचंद्र रामगुलाम यांनी वैद्यकाचे शिक्षण डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये घेतले. त्यांच्याआधी आणि नंतरही इथली मुले तिकडे शिकायला गेली. तेव्हा तिथल्या इंग्रजीची ही खोड काय आहे, ती कुठून आली, आणि मराठी माणसाला ती इतकी ओळखीची का वाटते, हे पाहणे आमच्या वाचकांना आवडेल असे वाटते.

प्रथम शाळेतला नियम. इंग्रजीत नामाच्या मागून ‘अँड’ आला की त्याच्या पुढे त्याच तोलाचे काहीतरी यावे लागते. ब्रेड अँड बटर, किंग अँड क्वीन. नाहीतर मग नवे, पुरे वाक्य यावे लागते. आपल्या व्याकरणकारांनी अशा अव्ययाला प्रधानत्वसूचक म्हटले आहे. दोन्ही पारडी सारखी. एक गोष्ट मुख्य आणि दुसरी तिच्या आश्रयाने आलेली असेल, तर इंग्रजी ‘अँड’ला बाजूला सारून ‘व्हाइल’, ‘व्हेन’, ‘दो’ यांना बोलावते, म्हणजे गौणत्वसूचकांना. आयरिश माणूस मात्र ही सगळी कामे एकट्या ‘अँड’कडून करून घेतो. ‘ही वेंट आउट अँड नो कोट ऑन हिम’, म्हणजे अंगात कोट नसताना तो बाहेर पडला. ‘हाउ कुड शी गो अँड द चाइल्ड सिक?’ म्हणजे मूल आजारी असताना ती जाणार कशी? दोन्हीकडे ‘अँड’च्या पुढे नाम किंवा सर्वनाम आहे, त्याच्या पुढे त्याची स्थिती आहे, आणि क्रियापदाला सुट्टी आहे.

ही सुट्टी दिली आयरिश भाषेने. आयरिश ही इंग्रजीची पोटभाषा नव्हे, ती केल्टिक कुळातली स्वतंत्र आणि फार जुनी भाषा आहे. तिच्यात ‘आणि’ला ‘आगस’ म्हणतात. ‘शॉन घरी जात असताना मी त्याला पाहिले’ हे आयरिशमध्ये सांगायचे, तर शब्द साधारण या क्रमाने येतात : पाहिले मी शॉन आगस तो जाण्यात घरी. म्हणजे ‘आगस’ नुसती बेरीज करीत नाही. त्याच्या मागे नाम किंवा सर्वनाम ठेवले आणि पुढे त्याची अवस्था सांगितली की ‘असताना’चा अर्थ आपोआप उभा राहतो. ‘आगस’ची नोकरी तेवढ्यावर संपत नाही. ‘जितके लवकर तितके’, ‘जोवर तोवर’ असल्या रचनांमध्येही तोच हजर असतो. असा बहुगुणी शब्द ज्यांच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या खेळला, त्यांना इंग्रजीचा ‘अँड’ मिळाल्यावर त्यांनी त्यालाही त्याच कामांना जुंपले, यात नवल ते काय?

आता मराठीकडे वळू. पुस्तकी मराठीत आपण ‘असताना’ वापरतो हे खरे, पण घरात बोलताना? ‘भर पावसात निघाला, अन् बरोबर छत्री नाही!’ ‘पोर तापाने फणफणतंय, नि तू चाललास क्रिकेट बघायला?’ इथला ‘अन्’ आणि ‘नि’ बेरजेचा नाही. त्यात ‘असताना’ आहे, ‘असूनही’ आहे आणि वर थोडा रागही आहे. आपल्या म्हणीतच पाहा : काखेत कळसा नि गावाला वळसा. कळसा या नामाच्या मागोमाग ‘नि’ आला आहे, पण कळसा आणि वळसा या काही ब्रेड अँड बटरसारख्या दोन वस्तू नव्हेत. कळसा काखेत असताना माणूस गावभर शोधत हिंडतो आहे. ही म्हण आयरिश वळणाच्या इंग्रजीत सांगायची झाली तर क्रम तेवढा उलटा करावा लागेल : ‘गोइंग राउंड द व्हिलेज अँड द पॉट अंडर हिज आर्म.’ मुख्य गोष्ट आधी, आश्रित गोष्ट ‘अँड’च्या मागून. मराठीत बहुधा परिस्थिती आधी आणि घटना नंतर येते, छत्रीच्या वाक्यात तो क्रमही मोडला आहे. क्रम कसाही असो, गाठ तीच आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी परिचारिकेचे काम करण्यासाठी आयर्लंडला गेली. तिने पहिल्या महिन्यात घरी कळवलेली हकिकत तिच्या आजीने आम्हाला सांगितली. वॉर्डातली एक वडीलधारी परिचारिका हिच्याकडे पाहून म्हणाली, ‘शी वेंट टु हर टी अँड द पेशंट वेटिंग.’ हिने ऐकले, मान हलवली आणि हातातले काम चालू ठेवले. हिला वाटले, दोन बातम्या सांगितल्या : कोणी एक चहाला गेली, आणि कोणी रुग्ण वाट पाहत आहे. वस्तुतः ती तक्रार होती, आणि तू तरी जाऊन बघ असे सुचवणेही होते. मुलगी ढिम्म हलली नाही, तेव्हा पुढे दोन दिवस तिच्याशी कोणी नीट बोलले नाही. तिला आपले काय चुकले ते कळेना. शाळेत तिला इंग्रजीत चांगले गुण होते, शब्द सगळे कळले होते. कळला नव्हता तो एक ‘अँड’. आजीला मात्र फोनवर ते वाक्य ऐकताच अर्थ लागला. ती म्हणाली, ‘अगो बाय, ही तर आपलीच बोली! ती गेली चहाला, अन् पेशंट बिचारा ताटकळत!’ आजीचे इंग्रजी जेमतेम चौथीपर्यंतचे.

आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. जी गाठ पुस्तकातून शिकलेल्या नातीला सुटली नाही, ती आजीने मराठीच्या नखाने सोडवली. परंतु एवढ्यावरून आयरिश आणि मराठी या बहिणी-बहिणी आहेत असे कोणी समजू नये. दोन्ही भाषा इंडो-युरोपियन म्हणून गणल्या जातात हे खरे, पण ते नाते हजारो वर्षांपूर्वीचे. हे साम्य त्या नात्यातून आले असे आम्ही म्हणणार नाही. माणसे बोलताना सोयीच्या वाटा काढतात, आणि दूरदूरच्या दोन गावांतही पायवाट कधीकधी सारखीच वळते.

‘अँड’ झाला, आता ‘दॅट’. नामाच्या मागून येणारे हे दुसरे महत्त्वाचे अव्यय, आणि परीक्षेच्या दृष्टीने अधिक अडचणीचे. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅज कम’, ही दोन वाक्यखंडे शेजारी ठेवून पाहा. दिसायला जुळी, पण पहिल्यात त्याने आणलेली बातमी आहे. बातमीत काय होते ते आपल्याला ठाऊक नाही. दुसऱ्यात बातमी काय तेच सांगितले आहे : तो आला. इंग्रजी दोन्हींना एकच ‘दॅट’ लावते. आपली क्रिओलही तशीच. ‘नुवेल की ली फिन आमेने’ आणि ‘नुवेल की ली फिन विनी’, दोन्हीकडे ‘की’ एकच. मराठी मात्र इथे घोटाळा होऊ देत नाही. एक ‘त्याने आणलेली बातमी’, दुसरी ‘तो आल्याची बातमी’ किंवा ‘तो आला ही बातमी’. आयरिश भाषाही मराठीसारखीच काटेकोर आहे. पहिल्या अर्थाला तिच्यात नुसता ‘अ’ लागतो, दुसऱ्याला ‘गो’ किंवा भूतकाळात ‘गुर’. म्हणजे इंग्रजी शिकताना आयरिश मुलाला आणि मराठी मुलाला एकच जागा निसरडी. घरी दोन दारे, शाळेत एकच.

यातून निघणारी एक व्यवहाराची गोष्ट पालकांनी मुलांच्या कानावर घालावी. पहिल्या अर्थाचा ‘दॅट’ गाळला तरी चालतो : ‘द न्यूज ही ब्रॉट’. दुसऱ्या अर्थाचा नामामागचा ‘दॅट’ लेखी इंग्रजीत गाळू नये. ‘आय होप ही कम्स’ चालेल, कारण ‘होप’ तिथे क्रियापद आहे. ‘द होप दॅट ही विल कम’ यात ‘होप’ नाम आहे, तिथे ‘दॅट’ हवाच. फॅक्ट, न्यूज, होप, फीअर, बिलीफ, आयडिया अशा, पोटात एखादे विधान बाळगणाऱ्या नामांनाच हा ‘दॅट’ लागतो. टेबल, खुर्ची, आंबा यांच्या पोटात विधान नसते.

या नामांच्या बाबतीत आयरिश आणि मराठी आणखी एका ठिकाणी गळ्यात गळा घालतात. इंग्रज म्हणतो ‘आय होप’. आशा करणारा ‘मी’ वाक्याच्या गादीवर बसलेला. आयरिश माणूस म्हणतो, ‘ता सूल अगम गो...’ शब्दशः अर्थ, ‘सूल आहे माझ्यापाशी की...’ आणि ‘सूल’ म्हणजे डोळा! डोळा माझ्यापाशी आहे की तो येईल. वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. भीतीसाठी ‘ता आग्ला ओरम गो...’, भीती आहे माझ्यावर की... आणि ‘मला ठाऊक आहे’साठी, त्याचे ज्ञान माझ्यापाशी आहे की... मराठीत मला आशा आहे की, मला भीती वाटते की, मला ठाऊक आहे की. दोन्ही भाषांत माणूस कर्ता होऊन बसत नाही. आशा, भीती, आनंद ही नामेच त्याच्याकडे येतात, आणि त्यांच्या मागून ‘गो’ किंवा ‘की’ बांधून पुढचे वाक्य लोंबते. म्हणूनच आयर्लंडच्या जुन्या इंग्रजीत ‘देअर इज अ फीअर ऑन मी’, ‘देअर इज अ ग्रेट हंगर ऑन मी’ अशी बोलणी सापडतात. भूक ‘लागते’, भीती ‘वाटते’ असे म्हणणाऱ्या आपल्याला त्यात वेडेवाकडे काहीच दिसू नये.

मराठीतला हा ‘की’ फारसीच्या सहवासाने रुजला असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. आपल्या वाडवडिलांच्या कोकणी बोलीला त्याची फारशी गरजही नव्हती. ‘तो येतलो म्हणान सांगल्यान’, म्हणजे आधी विधान, मग ‘म्हणान’, मग सांगणे. ज्या घरांत रत्नागिरी-मालवणची बोली थोडीफार टिकली, तिथे असा ‘म्हणान’ कोणी ऐकला असेल. पुस्तकी मराठीतही ‘तो येणार म्हणून सांगितले’ हे शुद्धच आहे, त्याला गावंढळ म्हणण्याचे कारण नाही.

आणखी दोन लकबी जाता जाता. आयर्लंडात ‘टिल’ हा ‘पर्यंत’ एवढ्या अर्थाचा राहिलेला नाही, तो ‘म्हणजे’ किंवा ‘म्हणून’ याही अर्थाने येतो. ‘कम हिअर टिल आय टेल यू’, म्हणजे इकडे ये, म्हणजे तुला सांगतो. कारण आयरिशमधल्या ‘गो’ला ‘की’, ‘पर्यंत’ आणि ‘म्हणजे’ असे तिन्ही अर्थ आहेत. दुसरी लकब ‘वेदर’ गाळण्याची. ‘आय डोंट नो इज ही कमिंग.’ इंग्रजी शिक्षकाला इथे ‘वेदर ही इज कमिंग’ हवे असते. पण आपणही ‘तो येतोय का, मला ठाऊक नाही’ असेच म्हणतो. प्रश्न जसा मनात आला तसाच वाक्यात ठेवतो, त्याची मोडतोड करीत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, हे झाले कसे? एका सबंध देशाने आपली भाषा टाकली, आणि तरी तिच्या गाठी परक्या भाषेत जशाच्या तशा राहिल्या, हे कसे? त्याची हकिकत सुखाची नाही. १८३१ साली आयर्लंडात सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या. त्यांत इंग्रजीतून शिकवत, आयरिशला आरंभी जागाच नव्हती. खेड्यापाड्यांतून मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिशमध्ये बोलले की काठीवर एक खाच, आणि संध्याकाळी खाचांच्या हिशेबाने छड्या. यात शिक्षकाबरोबर आईबापही सामील असत ही सर्वांत बोचणारी गोष्ट. त्यांना मुलाचे वाईट करायचे नव्हते. पोटाला अन्न मिळवायचे, बोटीत बसून अमेरिकेला जायचे, तर इंग्रजी हवी एवढेच त्यांना दिसत होते. आपली जहाजे मुंबईहून जी माणसे घेऊन इकडे येत होती, ती साधारण त्याच पिढीची. आपल्या आज्यापणज्यांनीही मुलांच्या शाळेबद्दल असाच हिशेब केला असेल, त्याला दोष कोण देणार?

पुढे १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच परदेशी गेली. हा घाला सर्वांत जास्त बसला तो पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या लोकांवर. १८५१ च्या खानेसुमारीत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे पंधरा लाख भरले, म्हणजे चारांत एकही नाही. १८९१ मध्ये ते सात लाखांच्या आत आले होते.

या काळात जी माणसे इंग्रजी शिकली ती कोणाकडून शिकली? इंग्रज साहेबाच्या शेजारी बसून नव्हे. शेजाऱ्याकडून, मोठ्या भावाकडून, बाजारातल्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे ज्यांची स्वतःची पहिली भाषा आयरिश होती त्यांच्याकडून. शब्द उसने घेता येतात, बाजारातून भाजी आणावी तसे. पण नामाला पुढचे वाक्य कसे बांधायचे ही सवय पाळण्यात लागते. ती बदलावी हे माणसाच्या लक्षातही येत नाही, कारण ती आहे हेच त्याला ठाऊक नसते. काठीवर खाच पडे ती आयरिश शब्दाला. ‘अँड’ तर अस्सल इंग्रजी शब्द, त्याला कोण पकडणार? छडी घेऊन बसलेल्या मास्तरांसमोरून आयरिश व्याकरण इंग्रजी कपडे घालून रोज ये-जा करीत होते.

पुढे या बोलीला मान मिळाला तो लेखकांमुळे. डग्लस हाइड यांनी १८९३ साली कॉनक्टची आयरिश प्रेमगीते जमवून प्रसिद्ध केली आणि त्यांची भाषांतरे करताना हीच खेड्यातली इंग्रजी वापरली. त्याच वर्षी आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १९३८ साली तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लेडी ग्रेगरी यांनीही आपल्या भागातली बोली कथांत आणली. सर्वांत पुढे गेले ते नाटककार सिंग. (आडनाव सिंग, पण पंजाबशी संबंध नाही!) ते १८९८ पासून पश्चिम किनाऱ्याजवळच्या आरान बेटांवर जाऊन राहिले, तिथली भाषा ऐकली आणि ती नाटकात उतरवली. त्यांचे ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक जानेवारी १९०७ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात आले तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. दंग्याची कारणे वेगळी होती, पण ज्या इंग्रजीला शहरातले लोक हसत होते ती त्या नाटकामुळे जगभरच्या रंगभूमीवर गेली. सिंग यांच्या पात्रांच्या तोंडी हा ‘अँड ही’ पावलोपावली आहे.

विद्वानांनीही लक्ष घातले. पी. डब्ल्यू. जॉइस यांचे ‘इंग्लिश अ‍ॅज वी स्पीक इट इन आयर्लंड’ १९१० साली निघाले. पी. एल. हेन्री यांनी १९५७ मध्ये रॉसकॉमन परगण्याच्या बोलीवर ग्रंथ लिहिला. फिनलंडचे मार्क्कू फिलपुला यांनी १९९९ मध्ये आयर्लंडच्या इंग्रजीचे सबंध व्याकरणच तपासून मांडले. फिनलंडच्या माणसाने हे करावे यातही मौज आहे. घरच्याला जे रोजचे असते, ते पाहुण्याला दिसते. या मंडळींत एक वाद आहे. असा ‘अँड’ जुन्या इंग्रजीत आणि स्कॉटलंडातही तुरळक सापडतो, मग सगळे श्रेय आयरिशला का द्यावे? आम्हाला त्यातले मधले मत पटते. इंग्रजीत वाट आधीची असेलही, पण ती गवताने बुजत चालली होती. आयर्लंडात तिचा हमरस्ता झाला, आणि तो ‘आगस’च्या पायांनी झाला.

आता स्वतःकडे पाहू. आपल्या बेटावर उलटे झाले आहे. आयर्लंडात शब्द गेले, गाठी राहिल्या. आपल्याकडे शब्द राहिले आणि गाठी गेल्या. ‘मो आजी फिन फेर मोदक.’ या वाक्यात आजी मराठी, मोदक मराठी, पण त्यांना बांधणारी दोरी सगळी क्रिओल. आजी, मामा, आरती, पुरणपोळी, झाकरी ही नामे आपण मोठ्या निगुतीने सांभाळली. देवघरातली भांडी जशी सांभाळतात तशी. मात्र नामाच्या मागून येणारे ‘अन्’, ‘म्हणान’, ‘असताना’ हे कोणी सांभाळले नाहीत, कारण ते सांभाळण्याजोगे वाटलेच नाहीत. महाराष्ट्रातून आलेल्या एका पाहुण्याने इथे ‘पोल एक मारी’ असे ऐकले आणि विचारले, ‘पॉल एक, तर मारी किती?’ क्रिओलचा ‘एक’ म्हणजे ‘आणि’, शिवाय ‘सोबत’ही, हे त्याला काय माहीत! आमच्या मुलांना मात्र तोच ‘एक’ आधी आठवतो आणि ‘आणि’ नंतर.

मराठीच्या वर्गात याचा विचार व्हावा असे आम्हाला फार वाटते. नामांच्या याद्या पाठ करून घेणे सोपे असते. फळे दहा, पक्षी दहा, नाती वीस. परंतु मुलाला वीस नाती आली आणि ‘मामा आला तेव्हा मी झोपलो होतो’ हे एका दमात म्हणता आले नाही, तर ती नाती फळ्यावरच राहतात. आठवड्यातून एक तास नुसता गाठींना द्यावा. एक नाम घ्यावे, त्याला ‘अन्’ लावून पुढे काय येईल ते मुलांना सांगू द्यावे. ‘पाऊस अन्...’ ‘परीक्षा उद्या अन्...’ मुले हसत-खेळत शिकतील, आणि घरी जाऊन आजीशी वाद घालतील तो मराठीत घालतील.

खुद्द आयर्लंडातही काम सोपे झालेले नाही. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि ती शाळांतून शिकवली जाते. २०२२ च्या खानेसुमारीत सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे लिहिले. परंतु शाळेबाहेर ती रोज बोलणारे भरले फक्त बहात्तर हजारांच्या आसपास. त्याच खानेसुमारीत भारतीय नागरिक पंचेचाळीस हजारांच्या वर निघाले. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर आणि वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारव्हनच्या परिचारिका मिरियम यांचे चिरंजीव लिओ वराडकर १९७९ साली डब्लिनला जन्मले आणि जून २०१७ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. २०१९ च्या अखेरीस ते वराडला आले तेव्हा गावाने त्यांचे घरच्या मुलासारखे स्वागत केले. वराडच्या ‘म्हणान’ला आणि डंगारव्हनच्या ‘टिल’ला एका छपराखाली आणणारे ते घर.

शेवटी मुलांसाठी. परीक्षेच्या पेपरात ‘अँड ही गोइंग’ लिहू नये. तिथे ‘अ‍ॅज ही वॉज गोइंग’ किंवा ‘व्हाइल’ लिहावे, गुण त्यालाच आहेत. आयर्लंडला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी मात्र कान उघडे ठेवावेत. जुना ‘अँड ही’ आता ‘अँड हिम’ होऊन ऐकू येतो, तोही म्हाताऱ्यांकडून अधिक. ‘कम हिअर टिल आय टेल यू’ अजून सर्रास चालते. ते ऐकून किती वाजेपर्यंत थांबायचे असे विचारू नये, नुसते जवळ जावे.